वाहणारा कान आणि वर्गात मागे पडणारे मूल

शाळेच्या प्रगतिपुस्तकात एक शेरा वारंवार आढळतो : 'वर्गात लक्ष देत नाही.' शेरा अवघ्या चार शब्दांचा. परंतु एकदा तो लिहिला गेला, की पुढच्या इयत्तेचे शिक्षक तो वाचतात, पालक तो ऐकतात आणि काही वर्षांनी ते मूलही स्वतःविषयी तेच मानू लागते. शेरा लिहिणारे शिक्षक खोटे लिहीत नसतात. मूल हाकेला ओ देत नाही, सांगितलेले अर्धेच करते, खिडकीबाहेर पाहत बसते, हे सारे त्यांनी प्रत्यक्ष पाहिलेले असते. मात्र ती हाक मुलाच्या कानापर्यंत पोहोचली होती काय, हा प्रश्न शेरा लिहिण्यापूर्वी सहसा विचारला जात नाही.

हा प्रश्न वेळीच न विचारल्यास किती मोठे नुकसान होते आणि तो विचारल्यावर काय करता येते, याचा बोध घेण्याजोगे एक उदाहरण ऑस्ट्रेलियातील मूळ रहिवाशांच्या बालकांचे आहे. त्यांच्या कानाच्या विकारांचा तेथे अनेक वर्षे सातत्याने अभ्यास झाला आहे. प्रस्तुत लेखात त्या अनुभवाची ओळख करून देऊन, त्यातून आपल्या राज्यातील आदिवासी भागात काम करणाऱ्या शिक्षकांनी, अधिकाऱ्यांनी आणि पंचायत सदस्यांनी काय घ्यावे, याचा विचार केला आहे.

दूरच्या प्रदेशातील धडा

ऑस्ट्रेलिया खंडात ॲबोरिजिनल लोक किमान ५० हजार वर्षांपासून राहत आहेत. उत्तरेकडील टॉरेस सामुद्रधुनीतील बेटांवरचे लोक हा तेथील दुसरा मूळ समाज होय. १७८८ साली ब्रिटिशांची पहिली वसाहत स्थापन झाली आणि त्यानंतर या समाजांच्या हातून जमीन, पाणी आणि परंपरागत जीवन जवळजवळ सर्वत्र निसटत गेले. २०२१ च्या अंदाजानुसार देशाच्या लोकसंख्येत त्यांचे प्रमाण सुमारे ३.८ टक्के आहे. परंतु 'नॉर्दर्न टेरिटरी' या उत्तरेकडील प्रदेशात मात्र ते सुमारे ३० टक्क्यांपर्यंत जाते. हा प्रदेश विस्ताराने महाराष्ट्राच्या चौपटीहून मोठा असून त्याची लोकसंख्या केवळ अडीच लाखांच्या आसपास आहे. डार्विन आणि ॲलिस स्प्रिंग्ज ही त्यातील प्रमुख शहरे. त्यांच्यापासून शेकडो किलोमीटर दूर, पावसाळ्यात रस्ते तुटणाऱ्या लहान लहान वस्त्यांत ॲबोरिजिनल कुटुंबे राहतात.

डार्विन येथे १९८५ साली मेन्झिस आरोग्य संशोधन संस्था स्थापन झाली. या संस्थेच्या संशोधकांनी इतर सहकाऱ्यांसमवेत २००१ साली उत्तर आणि मध्य ऑस्ट्रेलियातील २९ दुर्गम वस्त्यांमधील ७०९ बालकांचे कान तपासले. ही बालके ६ ते ३० महिने वयाची होती. तपासणीचा निष्कर्ष चिंताजनक होता. १०० पैकी ९१ बालकांच्या मध्यकर्णात कोणत्या ना कोणत्या स्वरूपाचा विकार आढळला. सुमारे १५ टक्के बालकांचा कान दीर्घकाळ वाहत होता. वयाचे पहिले १८ महिने पूर्ण होण्यापूर्वीच १०० पैकी सुमारे ४० बालकांच्या कानाच्या पडद्यास छिद्र पडलेले होते.

या आकड्यांचे गांभीर्य कळण्यासाठी एक मापदंड ध्यानात घ्यावा. एखाद्या समाजातील मुलांमध्ये दीर्घकाळ कान वाहण्याचे प्रमाण ४ टक्क्यांहून अधिक असेल, तर तो सार्वजनिक आरोग्याचा अतिशय मोठा प्रश्न समजून तातडीने उपाययोजना करावी, असे जागतिक आरोग्य संघटनेचे म्हणणे आहे. येथे ते प्रमाण त्याच्या जवळजवळ चौपट होते. आणि ही स्थिती जगातील संपन्न देशांमध्ये गणना होणाऱ्या एका देशातील होती.

कान वाहतो म्हणजे काय होते?

कानाचे तीन भाग मानले जातात. बाहेरून दिसणारी पाळी आणि आत जाणारा मार्ग हा बाह्यकर्ण. त्याच्या शेवटी कातड्याचा एक पातळ पडदा ताणलेला असतो. पडद्यापलीकडील पोकळी म्हणजे मध्यकर्ण. तेथे हातोडी, ऐरण आणि रिकीब या आकारांची तीन इवलीशी हाडे एकमेकांस जोडलेली असतात. आवाजाने पडदा थरथरला, की ही हाडे ती थरथर तिसऱ्या भागाकडे, म्हणजे अंतर्कर्णाकडे पोहोचवितात आणि तेथून संदेश मेंदूकडे जातो.

मध्यकर्ण हा बंद डबा नव्हे. एका बारीक नळीने तो घशाच्या वरच्या भागास जोडलेला असतो. मोठ्या माणसात ही नळी लांब व उतरती असते. तान्ह्या बाळात ती आखूड आणि जवळजवळ आडवी असते. त्यामुळे बाळास सर्दी झाली, की नाकाघशातील जंतू सहजपणे मध्यकर्णात शिरतात. नळी सुजून बंद झाली, म्हणजे पडद्यामागे द्रव साचतो. कधी त्याचा पू होतो, कान ठणकू लागतो, ताप येतो, आणि अखेरीस पडदा फाटून पू बाहेर पडतो. यासच आपण 'कान फुटला' असे म्हणतो.

पुष्कळ मुलांच्या बाबतीत पडदा काही दिवसांत भरून येतो. परंतु वारंवार जंतुसंसर्ग होत राहिला, तर छिद्र कायम राहते आणि दोन आठवडे उलटले तरी स्राव थांबत नाही. हा दीर्घकालीन मध्यकर्णदाह होय. या अवस्थेत बहुधा दुखणे नसते. मूल रडत नाही, खेळते, जेवते. त्यामुळे आईवडिलांना, किंबहुना कधी कधी आरोग्य कर्मचाऱ्यांनाही, त्यात विशेष काही वाटत नाही. दुखणे थांबले म्हणजे आजार गेला, ही समजूत येथे घातक ठरते.

ऑस्ट्रेलियातील अभ्यासात आणखी एक गोष्ट स्पष्ट झाली. दुर्गम वस्त्यांतील बाळांच्या नाकात हे रोगजंतू जन्मानंतर अवघ्या काही आठवड्यांत वस्ती करतात. शहरी, सुस्थितीतील बाळांत ते उशिरा आणि कमी संख्येने येतात. म्हणजेच एकाच्या आजाराचा आरंभ तो रांगू लागण्याच्या आधीच झालेला असतो. शाळेत नाव घातले जाईपर्यंत त्या मुलाने ऐकण्याची सर्वांत मोलाची पाच वर्षे अर्धवट ऐकत काढलेली असतात.

आवाज ऐकू येतो, शब्द कळत नाही

हे मूल बहिरे नसते, आणि म्हणूनच ते ओळखू येत नाही. पडद्यामागे द्रव साचला असता ऐकण्याची क्षमता साधारणपणे २० ते ३० डेसिबलने घटते; पडद्यास मोठे छिद्र असल्यास ही घट त्याहूनही अधिक असू शकते. नेहमीचे संभाषण साधारण ६० डेसिबलचे आणि कुजबूज ३० डेसिबलची असते. वाचकांनी स्वतः एक प्रयोग करून पाहावा. दोन्ही कानांत बोटे घट्ट घालून खोलीच्या दुसऱ्या टोकाच्या माणसाला हलक्या आवाजात वर्तमानपत्र वाचावयास सांगावे. आवाज येतो, परंतु प्रत्येक शब्द ओळखण्यासाठी मन ताणावे लागते. हा ताण दहा मिनिटांत असह्य होतो. मध्यकर्णाच्या विकाराने पीडित मूल असा ताण सोसत रोज पाच-सहा तास वर्गात बसते.

बोलण्यातील स्वर ठसठशीत असतात. व्यंजने मात्र पुष्कळदा क्षीण असतात. त्यामुळे घटलेल्या श्रवणशक्तीत पहिला बळी जातो तो व्यंजनांतील सूक्ष्म भेदांचा. 'पाट' आणि 'पाठ', 'ताट' आणि 'थाट', 'कडा' आणि 'खडा' यांतील फरक अशा मुलाला निसटता ऐकू येतो. शब्दाच्या अखेरचे प्रत्यय तर विरूनच जातात. ज्याने अक्षरांचे ध्वनी कधी स्वच्छ ऐकले नाहीत, त्याने अक्षर आणि ध्वनी यांची सांगड घालून वाचावयास शिकावे, ही अपेक्षा अवघड आहे.

त्यातून भाषा परकी असेल तर अडचण दुणावते. आपल्या भाषेत एखादा शब्द ऐकावयाचा राहिला, तर मागच्यापुढच्या संदर्भाने तो भरून काढता येतो. नवीन भाषेत तशी सोय नसते. नॉर्दर्न टेरिटरीतील मुलाच्या घरी वार्लपिरी, तिवी किंवा तत्सम एखादी भाषा बोलली जाते. शाळेतील इंग्रजी त्याची दुसरी, कित्येकदा तिसरी भाषा असते. अनोळखी भाषा आणि बंद झालेला कान, असा दुहेरी अडसर ओलांडून त्याला धडा समजून घ्यावा लागतो.

आणखी एक गोष्ट शिक्षकांची सहज दिशाभूल करते. या विकारातील श्रवणशक्ती स्थिर नसते. सर्दी झाली की ती घटते, ओसरली की काहीशी सुधारते. सोमवारी नीट उत्तर देणारे मूल पुढच्या आठवड्यात गप्प बसते. शिक्षकांना वाटते, 'याला येते. हा मुद्दाम करतो.' शिक्षा होते. मूल मग एक तर कोपरा धरते किंवा दंगा करू लागते. आणि पुढे कधी तरी शाळा सोडते.

शाळा सोडल्याने प्रश्न संपत नाही. ऑस्ट्रेलियाच्या सिनेटच्या समितीने २०१० साली देशातील श्रवण-आरोग्याविषयी सविस्तर अहवाल सादर केला. त्यात मूळ रहिवाशांमधील श्रवणदोष आणि त्यांचा पोलीस, न्यायालये व तुरुंग यांच्याशी येणारा संबंध यांकडे लक्ष वेधले होते. त्यानंतर नॉर्दर्न टेरिटरीतील तुरुंगांत केलेल्या तपासणीत मूळ रहिवासी कैद्यांपैकी ९० टक्क्यांहून अधिक जणांमध्ये लक्षणीय श्रवणदोष आढळून आला. श्रवणदोष हे गुन्ह्याचे कारण आहे, असा याचा अर्थ नव्हे. परंतु जो वर्गात ऐकू शकला नाही, तोच पुढे पोलिसांचा प्रश्न आणि न्यायाधीशांची सूचनाही नीट ऐकू शकत नाही. आणि त्याच्या मौनाचा अर्थ उद्धटपणा असा लावला जातो, हे या आकड्यावरून कळून येते. प्रगतिपुस्तकातील शेऱ्याचा प्रवास येथपर्यंत होऊ शकतो.

आजाराचे मूळ वंशात नाही, राहणीमानात आहे

मूळ रहिवाशांचे कानच उपजत दुर्बल असतात, असा समज होणे शक्य आहे. तो दूर केला पाहिजे. उत्तर ध्रुवाकडील इनुइट आणि अमेरिकेतील मूळ जमाती यांच्या मुलांतही हा विकार मोठ्या प्रमाणात आढळत आला आहे. हे समाज वंशाने परस्परांपासून दूर आहेत. त्यांच्यात समान आहे ती परिस्थिती : लहान घरात दाटीने राहणारी मोठी कुटुंबे, धूर, पाण्याची व स्वच्छतेची अपुरी सोय, अपुरे पोषण आणि दवाखान्यापासूनचे अंतर. घरात माणसे अधिक आणि खोल्या कमी असल्या, की एकाची सर्दी सर्वांची होते व जंतू बाळापर्यंत लवकर पोहोचतात. तंबाखूच्या व चुलीच्या धुराने नाकाघशाचे अस्तर सुजते. पाणी अपुरे असल्यास हात व चेहरा धुणे मागे पडते.

जी गोष्ट परिस्थितीने घडते ती परिस्थिती बदलल्याने बदलू शकते, हा यातील आशेचा भाग आहे.

काय साधले, काय राहिले

ऑस्ट्रेलियात या विकारावर अनेक अंगांनी प्रयत्न झाले. न्यूमोकोकस जंतूंविरुद्धची संयुग्मित लस तेथील मूळ रहिवाशांच्या बालकांना २००१ पासून देण्यात येऊ लागली. देशातील सर्व बालकांसाठी ती २००५ पासून आली. पुढील पाहण्यांत पडदा फाटण्याचे प्रमाण कमी झाल्याचे आढळले. मात्र पडद्यामागे द्रव साचण्याचे प्रमाण त्या मानाने फारसे हटले नाही. कारण या विकारास अनेक जातींचे जंतू कारणीभूत असतात आणि लस त्यांपैकी काहींनाच अटकाव करते.

पश्चिम ऑस्ट्रेलियातील दोन दुर्गम वस्त्यांमध्ये २००० साली स्वच्छ, क्लोरिनयुक्त पाण्याचे पोहण्याचे तलाव बांधण्यात आले. 'शाळेत आला तरच तलावात प्रवेश' असा नियम तेथे ठेवला होता. नंतरच्या तपासण्यांत मुलांमधील त्वचेचे रोग घटलेले दिसले आणि पडद्याला छिद्र असणाऱ्या मुलांची संख्याही कमी झाली. अन्य ठिकाणी कानाच्या बाबतीत असाच लाभ सर्वत्र दिसला नाही. तेव्हा एखादा उपाय एका गावी लागू पडला म्हणून तो सर्वत्र रामबाण ठरेल असे नाही, हाही धडा त्यातून मिळाला.

उपचाराची पद्धत तशी साधी आहे. वाहणाऱ्या कानातील पू शोषक कागदाच्या अथवा स्वच्छ सुती कापडाच्या वातीने टिपून कान कोरडा करावयाचा आणि मग वैद्यकीय सल्ल्याने प्रतिजैविक औषधाचे थेंब टाकावयाचे. पू तसाच असताना वरून टाकलेले थेंब आत पोहोचत नाहीत. म्हणून टिपणे हे निम्मे औषधच होय. हे दिवसातून अनेक वेळा आणि कित्येक आठवडे करावे लागते. औषध महाग नाही. चिकाटी मात्र महाग आहे. विमानाने येऊन एक दिवस तपासून जाणारे तज्ज्ञ ही चिकाटी पुरवू शकत नाहीत. म्हणून वस्तीतीलच व्यक्तींना आरोग्य कार्यकर्ते म्हणून शिक्षण देण्यावर तेथे भर देण्यात आला. ते मुलाच्या आईशी तिच्या भाषेत बोलू शकतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा दारात उभे राहू शकतात.

शाळांमध्येही बदल झाले. शिक्षकाचा आवाज लहान ध्वनिक्षेपकांच्या साहाय्याने वर्गाच्या सर्व कोपऱ्यांत सारखा पोहोचेल अशी यंत्रणा काही वर्गांत बसविण्यात आली. चित्रे, हावभाव व फळा यांचा उपयोग वाढविण्यात आला. २०१९ पासून तर शाळेत जाण्यापूर्वीच्या वयातील मूळ रहिवाशांच्या मुलांची श्रवणतपासणी करण्याचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. पहिलीत गेल्यावर दोष शोधणे म्हणजे उशीर करणे होय, हे ध्यानात आल्याचे ते निदर्शक आहे.

आपल्या राज्यापुरता विचार

२०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात अनुसूचित जमातींची लोकसंख्या १ कोटी ५ लाखांहून अधिक, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या सुमारे साडेनऊ टक्के आहे. ऑस्ट्रेलियाचे आकडे आपल्या मुलांना जसेच्या तसे लावणे शास्त्रशुद्ध होणार नाही. परंतु धुराने भरलेले एकखोली घर, उन्हाळ्यात आटणारे पाणी, दूरचे रुग्णालय, आणि घरी भिली, पावरी, कोरकू, गोंडी, माडिया, वारली किंवा कातकरी बोलून शाळेत मराठीस सामोरे जाणारे मूल, हे चित्र सातपुड्यापासून गडचिरोलीपर्यंत काम केलेल्या कोणासही अपरिचित नाही.

काही वर्षांपूर्वी एका आश्रमशाळेतील आरोग्य तपासणीच्या वेळी प्रस्तुत लेखक वृत्तांकनासाठी उपस्थित होता. तिसरीतील एका मुलाच्या कानातून पू येत होता. वर्गशिक्षक सहजपणे म्हणाले, "डॉक्टरसाहेब, त्याचा कान पहिलीपासूनच वाहतो. त्याला आता सवय झाली आहे." डॉक्टर काही बोलले नाहीत. मुलाच्या पाठीमागे हातभर अंतरावर उभे राहून त्यांनी हलक्या आवाजात त्याचे नाव विचारले. मुलगा वळला नाही. त्यांनी पुन्हा विचारले. तो समोरच्या भिंतीवरील तक्ता पाहत राहिला. शिक्षक क्षणभर स्तब्ध झाले. मग त्यांनी स्वतः जाऊन त्या मुलाचे दप्तर मागच्या रांगेतून उचलले आणि पहिल्या रांगेत आणून ठेवले. त्या दिवशीचे वृत्त मी लिहिले. त्यात तपासलेल्या विद्यार्थ्यांची संख्या होती. तो मुलगा नव्हता. या लेखामागे ती रुखरुखही आहे.

असे मूल शासकीय नोंदींतूनही सहज निसटते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ नुसार दोन्ही कानांची श्रवणक्षमता ६० ते ७० डेसिबलने घटलेली असल्यास ती व्यक्ती 'ऐकण्यास कमी येणारी' आणि ७० डेसिबल व त्याहून अधिक घट असल्यास 'कर्णबधिर' समजली जाते. तीस डेसिबल घट असलेल्या मुलास प्रमाणपत्र मिळत नाही, आणि ते योग्यही आहे. कारण त्याचा दोष बहुधा बरा होण्याजोगा असतो. परंतु प्रमाणपत्र नाही म्हणून दोषच नाही, असा अर्थ कोणी घेऊ नये.

यंत्रणा आपल्याकडे आहे. बहिरेपण प्रतिबंध व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम २००६-०७ मध्ये प्रायोगिक स्वरूपात सुरू झाला. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा तर देशातील शुभारंभच फेब्रुवारी २०१३ मध्ये आपल्या पालघर येथे झाला. या कार्यक्रमाची तालुका पथके अंगणवाडीतील बालकांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची वर्षातून एकदा तपासणी करतात. मध्यकर्णदाह आणि श्रवणदोष हे दोन्ही त्यांच्या तपासणीच्या यादीत आहेत. न्यूमोकोकसची लस भारतात २०१७ पासून टप्प्याटप्प्याने आणि २०२१ पासून सर्वत्र, दीड महिना, साडेतीन महिने आणि नऊ महिने या वयात विनामूल्य दिली जाते. मुंबईत वांद्रे येथे १९८३ साली स्थापन झालेली अली यावर जंग राष्ट्रीय संस्था वाचा व श्रवण या क्षेत्रात मनुष्यबळ घडविण्याचे कार्य करीत आहे. उणीव बहुधा राहते ती तपासणी आणि उपचार यांच्यामधल्या अंतरात. संदर्भचिठ्ठी दिली जाते. पण मूल रुग्णालयात पोहोचले काय आणि त्याचा कान कोरडा झाला काय, हे पाहणारा कोणी नसतो.

कोणी काय करावे?

शिक्षकांनी : (१) ज्या मुलाचा कान वाहतो, जे सर्दीने सदैव बेजार असते, वारंवार 'काय?' विचारते, दुसऱ्याचे पाहून मग कृती करते किंवा बोलणाऱ्याच्या ओठांकडे टक लावून पाहते, त्याची नोंद स्वतंत्र वहीत ठेवावी. (२) 'लक्ष देत नाही' असा शेरा लिहिण्यापूर्वी पाठीमागून हलक्या आवाजात चार ओळखीचे शब्द त्याच्या घरच्या भाषेत म्हणून पाहावेत. हे निदान नव्हे. परंतु डॉक्टरांकडे पाठविण्यास ते पुरेसे कारण आहे. (३) त्या मुलास पुढे बसवावे, त्याच्याकडे तोंड करून बोलावे, फळ्याकडे वळून बोलू नये आणि महत्त्वाची सूचना लिहूनही द्यावी. (४) पत्र्याच्या छपरावर पाऊस वाजत असेल तेव्हा तोंडी पाठ पुढे ढकलून लेखी किंवा चित्रकामास वेळ द्यावा.

अंगणवाडी सेविका व आशा कार्यकर्त्यांनी : पहिले सहा महिने निव्वळ स्तनपान, वेळेवर लसीकरण, हात व चेहऱ्याची स्वच्छता आणि बाळाला धुरापासून दूर ठेवणे या गोष्टी कानाच्या आरोग्याशीही निगडित आहेत, हे मातांना सांगावे. दात येताना कान वाहतातच, ही समजूत दूर करावी. वाहणाऱ्या कानात कोमट तेल, लसणीचे तेल किंवा झाडपाल्याचा रस घालू नये. काडी, पिन वा किल्लीने कान कोरू नये. बाजारात कान साफ करून देणाऱ्यांकडे मुलास नेऊ नये. कान वाहत असता त्यात पाणी जाऊ देऊ नये. कानामागे सूज, ताप, तीव्र डोकेदुखी, उलट्या, घेरी किंवा तोंड एका बाजूस वाकडे होणे यांपैकी एकही लक्षण दिसल्यास मुलास त्याच दिवशी रुग्णालयात न्यावे. कारण जंतुसंसर्ग मेंदूपर्यंत पोहोचण्याचा धोका असतो. दुर्गंधीयुक्त स्राव दिसल्यासही कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून तपासणी करून घेण्यास विलंब करू नये.

पंचायत सदस्यांनी : पाणीपुरवठा, निर्धूर चूल वा गॅस आणि घरकुल यांचा मुलाच्या कानाशी व पर्यायाने शिक्षणाशी असलेला संबंध ग्रामसभेत मांडावा. अनुसूचित क्षेत्रातील ग्रामपंचायतींना मिळणाऱ्या पेसा पाच टक्के निधीतून आरोग्य, स्वच्छता व शिक्षण या कामांवर खर्च करता येतो. तपासणीत दोष आढळलेल्या मुलांना तालुक्याच्या वा जिल्ह्याच्या रुग्णालयात नेण्याआणण्याची व्यवस्था गावाने मनावर घेतल्यास अशक्य नाही.

अधिकाऱ्यांनी : आढावा बैठकीत 'किती मुले तपासली' या प्रश्नाबरोबरच 'किती मुलांचे कान कोरडे झाले' हा प्रश्नही विचारावा. आश्रमशाळेतील मूल घरापासून दूर असते. तेथे कान टिपण्याचे व थेंब टाकण्याचे काम नेमके कोणी करावयाचे, हे अधीक्षक, परिचारिका व शिक्षक यांच्यापैकी एकाच्या नावाने ठरवून द्यावे. सर्वांचे म्हणून सोडलेले काम कोणाचेच नसते.

मुलांमधील श्रवणदोषांपैकी सुमारे ६० टक्के दोष टाळता येण्याजोग्या कारणांनी होतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने म्हटले आहे. ऑस्ट्रेलियासारख्या संपन्न देशासही या प्रश्नाने दीर्घकाळ झुंजविले, कारण 'तिथल्या मुलांचे कान वाहतातच' असे समाजाने गृहीत धरले होते. आपल्या मराठीत दुर्लक्षास 'कानाडोळा' असा शब्द आहे आणि निष्काळजीपणास 'कानात तेल घालून बसणे' असे म्हणतात. लहान मुलाच्या वाहणाऱ्या कानाबाबत या दोन्ही गोष्टी अक्षरशः घडत असतात. पुढच्या तपासणीचा दिवस येईल तेव्हा येईल. उद्या सकाळी हजेरी घेताना शेवटच्या रांगेतून ओ आली नाही, तर गैरहजेरीची खूण करण्याआधी त्या रांगेपर्यंत चालत जावे. मूल कदाचित तेथेच बसलेले असेल.